धबधब्यावरची कमान

तात्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. शिव्या मला झेपतात. चौथीत गुरुजींनी दिल्या, मग मुकादमानं दिल्या, मग बायकोनं दिल्या. इथं अमेरिकेत गाडीची परीक्षा घेणाऱ्या बाईनंही इंग्रजीत दिल्या असाव्यात, पण मला कळल्या नाहीत म्हणून मी तिला थँक्यू म्हणलं. शिवी दिली की देणारा मोकळा आणि खाणाराही मोकळा. तात्यांनी मला एकही दिली नाही. "तू नको," एवढंच म्हणाले. त्याला पाच महिने झाले. आता ते गावी आहेत, माझा फोन उचलत नाहीत. उचलला तर महेश उचलतो आणि म्हणतो, "झोपलेत." सकाळी, दुपारी, कधीही लावा, तात्या झोपलेले.

तात्या म्हणजे महेशचे वडील. महेश आमच्या श्रूजबरीतल्या कॉम्प्लेक्सात मागच्या बिल्डिंगीत राहायचा, कॉम्प्युटरवाला. माझी पोरगी सुरेखाही तेच करते. ती इथली सिटिझन झाली, तिनं मला ग्रीन कार्ड काढून कायमचं बोलावून घेतलं. तात्या मात्र सहा महिन्यांचे पाहुणे. एप्रिलात आले.

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते चर्चची भिंत चाटत होते.

खोटं नाही सांगत. गावातलं जुनं दगडी चर्च आहे, त्याच्या मागच्या अंगाला एक म्हातारा. डोक्याला मफलर, अंगात मुलाच्या कंपनीचं जॅकेट, पायात मोजे आणि त्यावर चपला. नखानं दोन दगडांमधला सांधा खरवडायचा, बोटावर घ्यायचा, जिभेला लावायचा, थुंकायचा आणि मान हलवायचा. मी गंमत बघत उभा राहिलो. कामाला मला उशीर होतो, गंमत बघायला मी कायम वेळेवर. तेवढ्यात पोलिसाची गाडी आली. कुणीतरी फोन केला असणार.

"सर, आर यू ओके?" पोलीस म्हणाला.

तात्या त्याला म्हणाले, "लेकरा, आत चुना हाय आन् वरनं कुणीतरी शिमीट थोपलंय. भिताडाचा जीव गुदमरतोय बग."

पोलिसानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, आपला माणूस दिसतोय, मदत करू. "सर, नो प्रॉब्लेम. ही इज टेस्टिंग. चेकिंग सॉल्ट."

"सॉल्ट?"

"येस सर. वॉल इज सिक."

त्यानं आम्हा दोघांनाही गाडीत घातलं आणि घरी आणून सोडलं. मी नुसता बघायला उभा होतो, पण माझ्या इंग्रजीमुळं माझंही नाव लागलं. सुरेखानं दार उघडलं, पोलीस बघितला, मला बघितलं, आणि फक्त "बाबा!" म्हणाली. आख्ख्या बिल्डिंगीला ऐकू गेलं.

गाडीत मागं बसल्या बसल्या तात्यांनी विचारलं होतं, "काय काम करायचास?"

"गवंडी. भोसरीत तीस वर्षं गिलावा केला."

"शिमीटाचा?"

"मग कशाचा?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, पोलिसानं पकडलंय ते बरोबरच आहे.

तात्या पाथरवट. दगड घडवायचा आणि चुन्यात बसवायचा, एवढंच त्यांना येत होतं. अमेरिकेला येताना बॅगेत कपड्यांपेक्षा छन्न्या जास्त. बोलणं कमी, पण जे बोलायचे ते दगडाच्या हिशोबानं. म्हणायचे, "दगडाला पोट आसतंय आन् पाठ आसती. खाणीत जसा निजला हुता तसाच भितीत निजवायचा. उलथा घातला की धा वर्सांनी सूड घेतो." चुन्याबद्दल म्हणायचे, "चुना म्हंजी इरजण. लावला की बोट घालून बघायचं न्हाई." मी काही घाईनं केलं की म्हणायचे, "आलं का शिमीट?" हे मला दिवसातून वीसदा ऐकावं लागायचं.

मे महिन्यात एका रविवारी सुरेखानं आम्हा दोघांना धबधबा दाखवायला नेलं. पश्चिमेला तासाभरावर डोंगर लागतात, तिथं. धबधबा चांगला होता, पण तात्यांनी त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही. वर कड्यावर एक पडका किल्ला होता. आपल्यासारखा नाही, उंच, अरुंद, टोकाला कंगोरे, छप्पर नाही, खिडक्यांतून आभाळ दिसतंय. लोक त्याला नुसतं कॅसल म्हणतात. फार वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून एक माणूस आला, त्यानं इथं सुताची गिरणी काढली, पैसा केला, पण गावाची आठवण जाईना. त्याच्या गावाकडं धबधब्यावर एक किल्ला होता, तस्साच त्यानं इथं बांधला. त्यासाठी गवंडीसुद्धा तिकडूनच बोटीनं आणले. पुढं आग लागली, छप्पर गेलं, गिरणी गेली, आणि भिंती राहिल्या. हे सगळं त्याच्या पणतीनं सांगितलं. आयलीनबाई तिचं नाव, वय पंच्याहत्तरच्या पुढं, तिथंच खाली छोट्या घरात एकटी राहते.

तात्या चपला काढून भिंतीजवळ गेले. दगडावरच्या छन्नीच्या रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यो डावरा हुता."

"कोण?"

"ज्यानं घडवला त्यो. बग, घाव कुटनं आल्यात."

मला काय दिसणार? मी "हो हो" म्हणलं. पण त्या दिवसापासून तात्यांची त्या डावऱ्याशी ओळखच झाली. पुढं काम करताना त्याच्याशी बोलायचे. "डावऱ्या, हितं घाई केलीस मर्दा. जेवायची सुट्टी झाली आसंल." कधी खूश झाले की, "हां, ह्ये ब्येस." मेलेल्या गोऱ्या माणसाचं कौतुक व्हायचं, आणि मी जिवंत उभा असायचो, माझं कधी नाही.

धबधब्याच्या अंगाला एक मोठी खिडकी होती, माणूस उभा मावेल एवढी. तिची कमान ढासळली होती आणि वरची भिंत लोंबत होती. खालून लोकांची वाट जाते. तिथल्या गावचा बिल्डिंग इन्स्पेक्टर आयलीनबाईला सांगून गेला होता: ऑक्टोबर संपेपर्यंत कमान नीट करा, नाहीतर मशीन लावून समोरची सगळी भिंत पाडावी लागेल. बाईनं दोन कंपन्यांना विचारलेलं. दोघांनी सांगितलं, पाडा.

तात्यांनी मला विचारलं, "ती बाई का रडती?" मी सांगितलं. तात्या म्हणाले, "तिला सांग, मी करतो."

मी सांगितलं, "मॅडम, ही विल डू. फ्री. ही इज स्टोन डॉक्टर."

परत येताना गाडीत मी म्हणलं, "तात्या, कशाला नसती भानगड? पाहुणे आहात, आराम करा." त्या दिवशी ते आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं लांबलचक बोलले. "बाळू, मी चाळीस वर्सं दगूड घडवला. हीर बांदली, ती बुजवली. नदीला घाट बांदला, त्यो धरणात ग्येला. पाराचं दगूड रस्त्याच्या भरावात ग्येलं. मग शिमीट आलं, मला कोण बोलवंना. माझ्या हातचं ह्या पिरतिमीवर आज काय बी उबं न्हाई रं. येक तरी ऱ्हावं."

माझ्या हातच्या भोसरीत शंभर एक बाथरूम उभ्या आहेत. गळतात, पण उभ्या आहेत.

मग सुरू झालं. सुरेखाची जुनी गाडी मी चालवायचो. आठवड्यातनं चार दिवस जायचो. आयलीनबाईनं चुन्याची पोती आणवली, त्यांच्याकडं अजून मिळतो. टबात भिजत घातला. मग तात्यांनी यादी दिली: गूळ, उडदाची डाळ, हिरडा, मेथी. देशी दुकानात मी दहा किलो गूळ मागितला तर दुकानदार म्हणाला, "काका, लग्न काढलं की काय?" म्हणलं, "हो, दगडाचं." डाळ भिजवून वाटायची, गुळाचं पाणी करायचं, ते चुन्यात घालायचं आणि लाकडी दांड्यानं कुटायचं. मी कुटायचो. तात्या एक बोट घालून चाखायचे, थुंकायचे, "आजून." पुन्हा तासभर कुटा. "आजून." सासूनं सुनेला एवढं छळलं नसेल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो चुना पडून राहिला, मऊ झाला, लोण्यासारखा. तात्या त्याच्यावर रोज ओलं पोतं घालायचे.

आयलीनबाई रोज चहा घेऊन यायची. ती इंग्रजीत बोलायची, तात्या मराठीत बोलायचे, मी मध्ये. तिनं एकदा लांबलचक काही विचारलं, मी तात्यांना सांगितलं, "बाई म्हणतात, साखर किती?" तात्या तिला म्हणाले, "न्हाई बाई, पावसाचं पाणी त्या कोपऱ्यातनं आत येतं." ती "येस, येस!" म्हणाली आणि धावत कोपरा दाखवायला गेली. तिनं पाण्याचंच विचारलं होतं. त्यानंतर दोघांनी मला मध्ये घेणं बंद केलं. मी बेकार झालो आणि पुन्हा कुटायला बसलो.

ऑगस्ट संपता संपता महेशची नोकरी गेली. पाचशे जणांना एका ईमेलनं काढलं म्हणे. ज्यांचा व्हिसा कंपनीचा, त्यांना साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर देश सोडा. सुरेखानं मला समजावलं तेव्हा मी म्हणलं, "म्हणजे तात्यांच्या कमानीचेही साठच दिवस की." तिनं माझ्याकडं बघितलं. "बाबा, त्याचा मुलगा इथल्या शाळेत जातो. कमानीचं काय घेऊन बसलात?"

महेश पार्किंगमध्ये मला गाठून म्हणाला, "बाळूकाका, तात्यांना तिकडं नेणं बंद करा. व्हिजिटर व्हिसावर आहेत ते. पडले, कुणी विचारलं, तर मी काय उत्तर देऊ?"

"पगार नाही घेत रे ते."

"ते कोण ऐकणार, यार? मी रोज चार इंटरव्ह्यू देतोय, रात्री झोप नाही, आणि हे दगड फोडतायत."

तात्या मागून आले होते. म्हणाले, "महेशा, तू तुजं काम हुडिक. मी माजं करतो."

"काम? तात्या, ते काम नाहीये. टाइमपास आहे."

तात्या तसेच वळून घरात गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या छन्नीचा घाव चुकला आणि बोट फुटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी फडकं बांधायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." रक्त दगडावर पडलं होतं, ते आधी पाण्यानं धुतलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कमान बसवायला घेतली. खाली लाकडी साचा उभा केला, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड चढवत न्यायचे आणि शेवटी मधोमध कळीचा दगड. एकूण पंधरा. मी खालून चेनपुलीनं दगड वर द्यायचो, चुना बादलीत भरून द्यायचो. आठ दगड झाले, सात राहिले. हवेत गारठा आला होता. तात्या म्हणत होते, "बरफ पडायच्या आत चुना धरला पायजे. आठ दीस हायत." इकडं महेशच्या बायको-पोराची तिकिटं काढून झाली होती. महेशची आणि तात्यांची महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारची.

एका मंगळवारी तात्यांना ताप होता, म्हणून मी एकटाच पुढं गेलो. शेडचं दार उघडं. आदल्या दिवशी कडी मी लावायची होती. लावली नव्हती. घाई. शिमीट.

आत अस्वल येऊन गेलं होतं. तिकडं काळी अस्वलं असतात, थंडीच्या आधी खाऊन घेतात. त्यानं आमचा गूळ खाल्ला, डाळ खाल्ली, चुन्यात गुळाचा वास आला म्हणून टब उलटा केला. चार महिन्यांचा चुना मातीत, पानांत, आणि वर त्यानं पावतीही ठेवलेली. ढीगभर. कोपऱ्यात गुळाची अर्धी ढेप तेवढी राहिली होती.

मी तिथंच खाली बसलो. फोन काढला. तात्यांचा नंबर काढला आणि परत ठेवला. काय सांगणार? सांगितलं असतं तर तात्या म्हणाले असते, नवा चुना भिजवायला महिने पाहिजेत, थांबलं काम. ते थांबले असते, कारण तो माणूस थांबणाराच होता. आणि भिंत गेली असती. माझ्या एका कडीपायी. हा विचार मी तात्यांसाठी केला असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे मला भीती वाटली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण मला "आलं का शिमीट" ऐकायचं नव्हतं.

म्हणून मी जाऊन सिमेंटच आणलं. पांढरं. दोन पोती. जमिनीवरचा वरवरचा चांगला चुना रंगापुरता घेतला, सिमेंटात कालवला, बाकीची घाण झाडून टाकली. आणि वास यावा, चव यावी, म्हणून त्यात तो उरलेला गूळ किसून घातला. तीस वर्षं सिमेंट कालवलं मी, पण सिमेंटात गूळ कधी घातला नव्हता. कोण घालेल? असला शहाणा मीच.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. ताप उतरला होता, पण चेहरा उतरलेला. आदल्या दिवशी महेशचा शेवटचा इंटरव्ह्यूही फिसकटला होता. साच्यावर चढले. मी बादली वर दिली. त्यांनी बोट घातलं आणि थांबले.

"बाळू," ते म्हणाले, "माज्या तोंडाला चव न्हाई तापानं. आज तूच चाख."

मी बोट घातलं, जिभेला लावलं आणि म्हणलं, "झक्कास झालाय, तात्या."

ते म्हणाले, "शिकलास." आणि दगड बसवला.

दोन दिवसांत सातही दगड बसले. मिश्रण बादलीत रेंगाळत होतं, लवकर धरत नव्हतं. मी मनात म्हणलं, चांगलं आहे, चुन्यासारखंच वागतंय. कळीचा दगड बसवताना आयलीनबाई खाली उभी होती. तात्यांनी लाकडी हातोड्यानं तीन ठोके घातले, कान लावला आणि वरून मला म्हणाले, "बस." मी खालीच बसलो. मला वाटलं मला सांगतायत. ते दगडाबद्दल बोलत होते.

त्याच्यावर भिंतीचे दोन थर चढवले, पोती पांघरली आणि दोन आठवडे थांबलो. शेवटच्या बुधवारी इन्स्पेक्टर आला. त्याच्यासमोर साचा काढला. कमान हलली नाही. त्यानं हातोडीनं ठोकलं, पट्टी लावून बघितलं, वर चढून दोन्ही पाय आपटले. मग कागदावर सही केली आणि तात्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिला. काहीतरी शंभर वर्षं म्हणाला. आयलीनबाई केक घेऊन आली. कमानीतून धबधबा दिसत होता, पांढरा, आणि बाई तिथं उभी राहून आपल्या पणज्याशी बोलत असावी असं काहीतरी पुटपुटत होती.

तात्यांनी केक घेतला नाही. ते ओलं फडकं घेऊन सांधे पुसायला वर गेले होते. मी खालून बघत होतो. फडकं थांबलं. त्यांनी नखानं खरवडलं. सांध्यातून भुसा पडला, वाळूसारखा. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि जिभेला लावला. तोंडाला चव आली होती त्यांच्या.

खाली उतरले. माझ्यासमोर आले. माझ्या हातात केकची बशी.

"ह्यो चुना कुठला हाय?"

"तात्या, अस्वल..." मी सगळं सांगितलं. पहिल्यांदा न हसता, एकही विनोद न घालता मी आयुष्यात काहीतरी सांगितलं.

"गूळ किती घातलास?"

"अर्धी ढेप."

"गूळ चुन्याला लागतो," तात्या हळू म्हणाले. "शिमीटाला त्ये इख. आता ह्ये कंदीच धरायचं न्हाई."

"पण उभी आहे की तात्या! साचा काढला तरी उभी आहे. साहेब नाचला तिच्यावर!"

"दगूड उबं हायत. घडाई नीट हाय म्हून येकमेकाला धरून उबं हायत." वर बघितलं त्यांनी. "पानी आत जाईल, बरफ हुईल, फुगंल. ह्यो हिवाळा न्हाई तर पुडचा. खालनं पोरं जात्यात."

मी म्हणलं, "तात्या, सही झालीये. परवा तुमचं विमान आहे. कुणाला कळणार?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चर्चच्या दिवशी बघितलं होतं तसं नाही. जसा एखादा दगड बघून बाजूला ठेवतात, तसं.

मग साचा पुन्हा लावायला लागले. मी एक टोक धरायला गेलो.

"तू नको," तात्या म्हणाले.

आयलीनबाई धावत आली. "व्हॉट इज ही डुइंग?" ती मला विचारत होती, आणि आता दुभाषा दुसरा कुणी नव्हता. मी म्हणलं, "मॅडम, नॉट हिम. मी. आय मेक बॅड. बेअर, शुगर, सिमेंट. आय लाय." तिला किती कळलं माहीत नाही. ती पायरीवर बसली आणि केकवर माश्या बसल्या तरी उठली नाही.

गुरुवारी मी त्यांना गाडीनं नेलं. मला तेवढं ड्रायव्हर म्हणून ठेवलं होतं. तात्या वर चढायचे, दगड मोकळा करायचे, साखळी बांधायचे, खाली उतरायचे, साखळी ओढून दगड खाली सोडायचे, पुन्हा वर. सत्तरी उलटलेला माणूस. मी साखळीपाशी उभा राहिलो तर ते नुसते थांबायचे, मी बाजूला होईपर्यंत. संध्याकाळपर्यंत वरचे थर आणि तीन दगड उतरले. चार राहिले.

तिथली गोष्ट इथंच सांगून टाकतो. सही रद्द झाली. मार्चमध्ये मशीन आलं आणि समोरची भिंत एका सकाळीत खाली गेली. मी गेलो होतो बघायला. गंमत बघायला मी वेळेवर असतो म्हणलं ना. डावऱ्याचे सगळे दगड ट्रकमध्ये गेले.

पण शुक्रवारचं सांगायचंय. त्या दिवशी सकाळी तात्या दोन दगड काढून तिसऱ्याशी झटत होते. बारा वाजता महेश आला. भाड्याची मोठी गाडी, मागं बॅगा भरलेल्या, बोस्टनहून विमान संध्याकाळचं. सहा महिन्यांत तो तिथं पहिल्यांदा आला होता. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसचे बूट. गाडीतून उतरला तोच ओरडत, "तात्या, तुम्हाला काही कळतं का? दहा फोन केले! बाळूकाका, तुम्ही तरी..."

आणि थांबला. वर त्याचा बाप त्या तिसऱ्या दगडाला मिठी मारून उभा होता. साखळी खाली लोंबत होती आणि ती धरायला कोणी नव्हतं, मी दहा पावलांवर असूनसुद्धा.

महेशनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्यानं बाह्या वर केल्या आणि साखळी धरली.

"वड," तात्या वरून म्हणाले. "हळू. तुजी न्हाई, दगडाची चाल धर."

दगड खाली आला. तात्या उतरले. दोघांनी तो दोन बाजूंनी उचलला. महेश कंबरेत वाकला.

"पाट वाकवू नगंस. गुडघं वाकीव."

महेशनं गुडघे वाकवले. दोघं तो दगड गवतावर घेऊन गेले, जिथं बाकीचे ओळीनं मांडले होते, कमानीच्या आकारात, जसे वर होते तसेच, पोटाकडून खाली. ठेवल्यावर तात्या म्हणाले, "आजून येक." महेशनं घड्याळ बघितलं. मग घड्याळ काढून खिशात टाकलं.

शेवटचा दगड खाली आला तेव्हा महेशच्या शर्टावर पांढरं झालं होतं आणि तो रडत होता. नोकरीसाठी की बापासाठी की पोराच्या शाळेसाठी, मला नाही सांगता येणार. तात्यांनी विचारलं नाही. त्यांनी छन्न्या मोज्यात भरल्या, आयलीनबाईसमोर जाऊन दोन्ही हात जोडले आणि वाकले. तिनं त्यांचे हात धरले, सोडेना. महेशनं हळूच सोडवले.

मी गाडीच्या दारापाशी उभा होतो. मला वाटलं, आता तरी. तात्या माझ्यासमोरून गेले आणि आत बसले. बोटं आखडली होती, त्यांना पट्टा लावता येईना, महेशनं लावला. गाडी सुरू झाली. वळणावर काच खाली झाली आणि तात्यांचं डोकं बाहेर आलं, मफलर सुटलेला.

"बाळू! बरफाच्या आदी दगडाखाली फळ्या सार! मातीत रुततील!"

गाडी झाडीत गेली.

मी शेडमधनं फळ्या आणल्या. पहिल्या दगडाखाली हात घातला, गुडघे वाकवले आणि जोर लावला. दगड जागचा हलला नाही.